बायांचे बिऱ्हाड आणि हिंगण्याचा आश्रम

आपल्या महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचा जन्मदिवस १४ जून १८९६. त्या दिवशी पुण्यात अनाथ बालिकाश्रम मंडळीची स्थापना झाली आणि धोंडो केशव कर्वे, म्हणजे आपले अण्णा, यांनी जवळची शिल्लक असलेले हजार रुपये मंडळीच्या हवाली केले. आजवरच्या स्मरणिकांमधून ही तारीख आणि ही रक्कम अनेकदा छापून आली आहे. ते हजार रुपये ज्या घरातून बाहेर पडले, त्या घरात महिनाअखेर कशी निभावली जात होती, हे मात्र बहुतेक वेळा एका वाक्यात उरकले जाते. घर अण्णांच्या पत्नी आनंदीबाई चालवत. सगळ्यांच्या तोंडी त्यांचे नाव बाया. संस्थेच्या नोंदवह्या पाहिल्या तर बाया पदाधिकारी म्हणून फारशा दिसणार नाहीत. तरीही संस्थेचा इतिहास त्यांच्या बिऱ्हाडापासून सांगितला, तर पुष्कळ गोष्टी जास्त नीट उलगडतात, असे वाटल्यावरून या वेळी तसा यत्न केला आहे.

१८८० ते १८९० : पाटीवरची पहिली अक्षरे

रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवरुखच्या जोशी घराण्यातली गोदू. आठ-नऊ वर्षांची असताना लग्न झाले आणि काही महिन्यांतच कपाळ पांढरे झाले. विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याने १८५६ मध्येच मान्यता दिली होती. विष्णुशास्त्री पंडितांच्या पुढाकाराने १८६९ मध्ये मुंबईत एक पुनर्विवाह गाजलाही होता. पण तो कायदा कोकणातल्या माजघरापर्यंत पोचायला फार वर्षे लागली. गोदूबाईंची पुढची वर्षे पोरवयात विधवा झालेल्या कोणत्याही मुलीसारखीच गेली: भल्या पहाटे उठायचे, गोठा, पाणी, दळण-कांडण, शेतातली कामे करायची आणि शुभकार्य असले की नजरेआड राहायचे.

त्यांचे बंधू नरहर बाळकृष्ण जोशी मुंबईत होते. अण्णा त्यांचे मित्र. बहिणीला शिकवावे हे नरहरपंतांच्या मनात होते आणि त्याच सुमारास पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढले. ११ मार्च १८८९ रोजी सदन सुरू झाले आणि तिथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. वय विशीच्या पुढे गेलेले. ज्या वयात तेव्हाच्या बायका चार मुलांच्या आया होत, त्या वयात या पाटीवर अक्षरे गिरवायला बसल्या. पुढे सदन पुण्याला हलले, तशा त्याही पुण्याला आल्या.

पुढच्या घडामोडी समजायच्या तर शारदा सदनातली ही वर्षे लक्षात ठेवावी लागतात. विधवेने घराबाहेर पडून, इतर मुलींबरोबर राहून, शिकून स्वतःच्या पायावर उभे राहायचे, हा प्रयोग अण्णांनी पुढे पुण्याजवळच्या हिंगण्याला केला. तो आधी आतून भोगून आलेली बाई त्यांच्या घरात होती. अण्णांना हे शिक्षण पुस्तकातून किंवा व्याख्यानातून कळले असेल. बायांना ते अंगाने ठाऊक होते: सदनाच्या पहिल्या दिवसात पोटात कसा गोळा येतो, घरची आठवण कधी येते, कोणत्या मुलीला ओरडायचे आणि कोणत्या मुलीच्या पाठीवरून हात फिरवायचा. संस्थेच्या आराखड्यात असल्या गोष्टी लिहिलेल्या नसतात.

१८९० ते १९०० : लग्न, बहिष्कार आणि मंडळी

अण्णा १८९१ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवायला आले. त्याच वर्षी त्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई वारल्या. पदरी रघुनाथ नावाचा मुलगा. दुसरे लग्न करायचेच तर विधवेशी, हा त्यांचा निश्चय होता. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात गोदूबाईंशी त्यांचा विवाह झाला. शारदा सदन उघडले तो दिवसही ११ मार्चच. हा योगायोग मुद्दाम साधलेला असेल-नसेल, पण आपल्या दिनदर्शिकेत तो नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

लग्नानंतर दोघे अण्णांच्या गावी, मुरूडला गेले आणि गावाने बहिष्कार घातला. कर्व्यांबरोबर एका बैठकीवर बसायचे नाही. घरच्यांनी त्यांना घरात घेतले तर घरच्यांनाही वाळीत टाकायचे. अण्णांची आई, थोरले भाऊ, साऱ्यांनाच त्याची झळ बसली. बहिष्कार म्हणजे काय, हे आज सांगूनही नीट कळत नाही. पुरुषाला निदान कॉलेज असते, सभा असतात, विरोध करणाऱ्यांशी वाद घालायला जागा असते. बाईला उंबऱ्याच्या आतलेच जग असते आणि नेमके तेच बंद होते. मंगळागौर, डोहाळजेवण, हळदीकुंकू, शेजारणीकडून विरजण मागणे, मुलाला कडेवर घेऊन कुणाच्या ओसरीवर टेकणे, यातले प्रत्येक दार पुनर्विवाहितेला वेगळे ठोठवावे लागे आणि बरीचशी उघडत नसत. बायांनी हे सोसले, असे लिहिण्याचा प्रघात आहे. पण त्या सोसून गप्प बसणाऱ्या नव्हत्या. तोंडावर बोलणाऱ्या, भांडायची वेळ आली तर भांडणाऱ्या आणि मनात अढी न ठेवणाऱ्या होत्या. हा स्वभाव संस्थेच्या फार उपयोगी पडला.

त्याच १८९३ च्या अखेरीस अण्णांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी काढली. पण प्रत्येक विधवा लग्न करणार नाही आणि प्रत्येकीचे आईबापही तयार होणार नाहीत, हे लवकरच लक्षात आले. शिवाय शारदा सदनावर धर्मांतराचे आक्षेप आले होते. १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारख्यांनी सदनाच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले होते. मुलीला शिकवावे असे वाटणारी, पण धर्म सुटेल म्हणून धास्तावलेली कितीतरी कुटुंबे अधांतरी राहिली. त्यांना विश्वास वाटेल असा आश्रम हवा होता. १४ जून १८९६ ची मंडळी या गरजेतून उभी राहिली.

याच दशकात बाया नागपूरला जाऊन सुइणीचे शिक्षण घेऊन आल्या. घरात लहान मूल, नवरा महाविद्यालयात, नातेवाईक बहुतेक दुरावलेले, अशा वेळी बाईने एकटीने परगावी जाऊन हा धंदा शिकायचा, ही गोष्ट त्या काळात किती अवघड होती! हिशेबही सरळ होता. अण्णांच्या पगारातून आधी ठेव, वर्गणी, देणगी बाजूला निघे, उरलेल्यात घर. घराला दुसरी मिळकत हवी, तर ती घरधनिणीनेच उभी करायची.

१९०० ते १९१० : दोघी बहिणी

पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. गावात मुलींना ठेवणे धोक्याचे झाले आणि गावाबाहेर जागा शोधणे भाग पडले. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला सहा एकर जमीन दिली आणि इमारतीसाठी साडेसातशे रुपयेही दिले. १९०० मध्ये तिथे पहिली झोपडी उभी राहिली. खर्च सुमारे पाचशे रुपये. आज हिंगण्याला कर्वेनगर म्हणतात आणि ते नाव घेतले की वाहनांची रांग डोळ्यांपुढे येते. त्या वेळी ते पुण्यापासून चार मैलांवरचे एक आडगाव होते. वाट पावसात चिखलाची, रात्री काळोखाची. चोराचिलटांची आणि जनावरांची भीती वेगळी. अण्णा महाविद्यालयातले काम उरकून पायी हिंगण्याला जात, रात्री तिथे मुलींना शिकवत, पहाटे परत फिरत. बाजारहाटाचे ओझे बहुधा पाठीवरच असे.

हे चित्र आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. त्याची दुसरी बाजू अशी की अण्णा हिंगण्याला असत तेव्हा बाया पुण्यात असत, मुलांना घेऊन, एकट्या. हिंगण्याला राहायला त्यांना मनाई होती. कुणी ठराव करून तसे लिहिले नसेल, पण रीत तशीच होती. आश्रमात मुली पाठवणाऱ्या सनातनी पालकांना वाटे की तिथे पुनर्विवाहित बाई असली तर आपली मुलगीही त्या वाटेला जाईल. देणगीदारांनाही तसेच वाटे. म्हणून अण्णा पुनर्विवाहाच्या मंडळीच्या कामातून बाजूला झाले, आश्रम आणि पुनर्विवाह यांत त्यांनी काटेकोर अंतर ठेवले आणि त्या अंतराची झळ त्यांच्याच घराने सोसली. ज्या बाईच्या आयुष्यातून आश्रमाची गरज डोळ्यांसमोर आली, तिला आश्रमाच्या अंगणात पाहुणी म्हणूनही जपून यावे लागे. संस्थेच्या चालकांची त्या वेळची अडचण खरी होती, हे मान्य करूनही आज ही नोंद स्वच्छ शब्दांत करायला हवी.

बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. जन्म १८७०, वयाच्या विसाव्या वर्षी वैधव्य, पदरी एक मुलगा. बायांनी आणि अण्णांनी त्यांना पुण्याला आणले. पार्वतीबाईंना तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हते. पुनर्विवाह करण्याचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी तो नाकारला आणि आश्रमाच्या कामाला वाहून घेतले. केशवपन केलेली, लाल आलवणातली, परंपरेच्या चौकटीत वावरणारी ही बाई वाड्यावाड्यांतून आत जाऊ शकत होती, बायकांशी बोलू शकत होती, त्यांच्याकडून पै-पैसा मागू शकत होती. पुढे १९१२ च्या सुमारास त्यांनी स्वतःही केस राखले आणि केशवपनाविरुद्ध जाहीरपणे बोलू लागल्या.

देवरुखच्या एकाच घरातल्या या दोघी. एकीने लग्न केले म्हणून तिला आश्रम बंद. दुसरीने केले नाही म्हणून आश्रमाची सगळी दारे तिच्या हाती. दोघींच्या आपसात काय बोलणे होत असेल, याचा तर्क आपण करू नये. पण पुण्यात बाया बिऱ्हाड सांभाळत होत्या म्हणून अण्णा हिंगण्याला वेळ देऊ शकले आणि हिंगण्याला पार्वतीबाई उभ्या राहिल्या म्हणून मुलींचे आईबाप निर्धास्त झाले. या संस्थेचे पहिले दशक दोन बहिणींनी दोन टोकांनी धरून नेले, असे माझे मत आहे. अण्णांचे मोठेपण त्याने कमी होत नाही.

या दोघींच्या सोबतीला वेणूबाई नामजोशी आणि काशीबाई देवधर यांच्यासारख्या कार्यकर्त्या होत्या. मुलींचे आजारपण काढणे, कोठीचा हिशेब ठेवणे, रडवेल्या नव्या मुलीला पहिल्या रात्री आपल्याजवळ निजवणे, असली कामे कुणाच्या नावावर जमा होत नाहीत. ती या साऱ्याजणींनी मिळून केली.

१९०७ मध्ये पुण्यात महिला विद्यालय सुरू झाले. अविवाहित मुलींना शिकवले तर त्यांचे लग्न आपोआप लांबेल, म्हणजे बालविधवा होण्याचे मूळच तुटेल, ही त्यामागची दृष्टी. पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, निष्काम कर्ममठ निघाला. तन, मन, धन वाहून काम करणारे सेवक तयार व्हावेत म्हणून. विद्यालय आणि आश्रम यांचा कारभार एकत्र असावा की वेगळा, अण्णांनी कोणाला किती वेळ द्यावा, यावर त्या काळी मंडळींत मतभिन्नता होती. ती पुढे मिटली आणि तिन्ही कामे एका छत्राखाली आली. त्याहून अधिक खोलात शिरण्याचे कारण नाही.

घरी मात्र मतभिन्नता चालूच होती आणि ती बाया लपवत नसत. अण्णांनी शिल्लक दिली, पगाराचा वाटा दिला, आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा संस्थेच्या नावे करून टाकली. उद्या तुम्हाला काही झाले तर मी या मुलांना घेऊन कुठे जाऊ, असा प्रश्न कोणती आई विचारणार नाही? बाया तो विचारत. उत्तर समाधानकारक मिळत नसे. प्रश्न विचारून झाल्यावर त्या पुन्हा कामाला लागत. संस्थेसाठी जे दिले गेले ते अण्णांनी दिले, असे पावतीवर असते. त्यातले काही बायांच्या मुलांच्या ताटातून गेले होते.

१९१० ते १९२० : विद्यापीठ आणि पार्वतीबाईंची अमेरिका

१९११ मध्ये महिला विद्यालय हिंगण्याला आले. अण्णांचे 'आत्मवृत्त' १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते आणि जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती वाचून सुचलेली कल्पना त्यांनी तिथे मांडली. ३ जून १९१६ रोजी महिलांसाठीचे विद्यापीठ स्थापन झाले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती आणि रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे कुलगुरू. मराठी माध्यमातून उच्च शिक्षण द्यायचे, हा तेव्हा अनेकांच्या टिंगलीचा विषय होता. हिंगण्याच्या महिला पाठशाळेत चार-पाच मुलींवर महाविद्यालय सुरू झाले.

रँग्लर परांजपे अण्णांचे नातेवाईक आणि त्यांच्या बिऱ्हाडात वाढलेले. घरी विद्यार्थी ठेवणे, भाचे-पुतणे शिकायला येणे, ही कर्व्यांच्या घरची जुनी परंपरा. एकाच पगारात जेवणारी तोंडे किती, याचे गणित अण्णांपेक्षा बायांनाच जास्त करावे लागे. गणिताचे प्राध्यापक घरात असूनही!

या दशकातली सर्वांत धाडसाची गोष्ट पार्वतीबाईंची. १९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी जवळजवळ येत नव्हते. ते शिकायचे आणि संस्थेसाठी पैसा जमवायचा, हा हेतू. पैसे संपल्यावर त्यांनी तिथल्या घरांतून घरकाम केले. भांडी घासली, साफसफाई केली. त्यांचे हे अनुभव 'माझी कहाणी' या आत्मचरित्रात त्यांच्याच साध्या भाषेत आहेत आणि ते पुस्तक संस्थेच्या प्रत्येक नव्या शिक्षिकेने वाचावे असे आहे. संस्थेसाठी हात पसरताना त्यांना लाज वाटली नाही आणि कष्ट करतानाही नाही.

१९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी विद्यापीठाला पंधरा लाखांची देणगी दिली. त्यांच्या मातोश्रींचे, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव विद्यापीठाला लागले. यापुढे विद्यापीठाचा आणि आपल्या संस्थेचा प्रवास हळूहळू वेगळा होत गेला. विद्यापीठाचे मुख्य ठाणे पुढे मुंबईला गेले. हिंगणे हिंगण्यालाच राहिले.

१९२० ते १९४० : माणसे जमत गेली

या दोन दशकांत संस्थेला फार चांगली माणसे लाभली. 'रागिणी'कार वामन मल्हार जोशी हिंगण्याला प्राध्यापक होते. गावात मोठे नाव असलेला कादंबरीकार हिंगण्याच्या वर्गात तत्त्वज्ञान आणि मराठी शिकवतो आहे, ही त्या मुलींची चैन होती. ग. म. चिपळूणकर, ह. रा. दिवेकर यांनी संस्थेला आपली उमेद दिली. पार्वतीबाईंचे चिरंजीव ना. म. आठवले आईच्याच कामाला लागले. न. चिं. केळकरांची कन्या कमलाबाई देशपांडे या महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या महाविद्यालयाच्या प्राचार्या झाल्या. त्यांचे 'स्मरणसाखळी' हे आत्मचरित्र त्या पिढीच्या स्त्रीशिक्षणाचा उत्तम दस्तऐवज आहे.

भाऊबीज निधीची कल्पना रुजली तीही याच काळात. दिवाळीत भावाने बहिणीला ओवाळणी घालायची. ज्या बहिणीला भाऊ नाही किंवा जिला भावाकडे मागायची सोय नाही, तिच्यासाठी समाजाने ओवाळणी घालावी. मोठे देणगीदार बोटांवर मोजण्याइतके असतात. पण घराघरांतून आलेला आणा-दोन आणे संस्थेला पैशापेक्षा जास्त काहीतरी देतो. ज्या घराने ओवाळणी घातली, ते घर पुढे मुलीला हिंगण्याला पाठवताना कचरत नाही. हे भाऊबीजेचे काम मुख्यतः बायकांनी केले, उन्हातान्हात, गावोगाव, पिशवीत पावतीपुस्तक घेऊन.

अण्णा १९२९-३० मध्ये युरोप, अमेरिका, जपान करून आले. त्या दौऱ्यात बर्लिनला त्यांची आइन्स्टाइनशी भेट झाली. नंतर आफ्रिकेतही फिरले. वय सत्तरी ओलांडलेले. १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले. आता विसावा घेतील असे घरच्यांना दर वेळी वाटे आणि दर वेळी ते चुके.

मुले मोठी झाली होती. थोरले रघुनाथराव संततिनियमनाच्या कामात उतरले आणि त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाने पुण्या-मुंबईत वादळ उठवले. राधाबाईंच्या या मुलाला बायांनी सावत्रपण जाणवू दिले नाही. शंकरराव डॉक्टर होऊन आफ्रिकेत गेले. दिनकरराव फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. त्यांच्या पत्नी इरावतीबाई कर्वे मानववंशशास्त्रात जगाला ठाऊक झाल्या. भास्करराव हिंगण्याच्या कामात राहिले आणि त्यांच्या पत्नी कावेरीबाईही. इरावतीबाईंनी सासऱ्यांविषयी लिहिलेल्या लेखात मोठ्या माणसाच्या घरात राहण्याची किंमत मोकळेपणाने मांडली आहे. या घरात मोकळेपणाने लिहिण्याची सवय सुनांना सासूकडून आली, असे म्हणायला हरकत नाही.

याच काळात समाजाची नजर बदलली. हिंगण्यातली बायांवरची बंदी कोणी उठवली, असा दिवस दाखवता येत नाही. पुनर्विवाहित बाईला पाहून आश्रमातून मुली काढून नेण्याचे दिवस केव्हातरी सरले आणि बाया आवारात वावरू लागल्या.

१९४० ते १९५० : 'माझे पुराण'

१९४४ मध्ये 'माझे पुराण' प्रसिद्ध झाले. बायांनी सांगितले, कावेरीबाईंनी ते उतरवून घेतले आणि संपादले. वयाच्या ऐंशीच्या आसपास एका बाईने आपले आयुष्य सांगितले आणि त्यात कोणालाही देव्हाऱ्यात बसवले नाही, नवऱ्यालाही नाही. देवरुखची कोवळी विधवा, शारदा सदन, मुरूडचा बहिष्कार, पैशांची ओढाताण, अण्णांवरचा राग आणि अण्णांवरची माया, सगळे एकाच आवाजात येते. मराठीत स्त्रियांनी लिहिलेल्या आत्मचरित्रांत त्याची जागा वरची आहे. अण्णांचे 'आत्मवृत्त' वाचल्यानंतर लगेच 'माझे पुराण' वाचावे. एकाच घराच्या त्या दोन वह्या आहेत: एकीत संस्थेचा जमाखर्च, दुसरीत संसाराचा. रकमा जुळतात, पण खर्चाच्या बाजूला काय लिहिले आहे ते बघावे.

बाया १९५० मध्ये वारल्या. अण्णांना अजून बारा वर्षे मिळणार होती.

१९५० ते १९७० : नावे आणि सन्मान

पार्वतीबाई १९५५ मध्ये गेल्या. त्याच वर्षी अण्णांना पद्मविभूषण मिळाले. १९५८ मध्ये, त्यांच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी अण्णा गेले. आश्रमाचे नाव आधीच बदलून हिंगणे स्त्री शिक्षण संस्था झाले होते आणि पुढे ते महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था झाले. गावालाही अण्णांचे नाव मिळाले.

मुळात विधवांसाठी निघालेला आश्रम या काळात खऱ्या अर्थाने सर्व मुलींचा झाला. केशवपन, बालविवाह यांचा जोर ओसरला होता. वसतिगृहात आता खेड्यांतल्या शेतकऱ्यांच्या, शिक्षकांच्या, कारकुनांच्या मुली येऊ लागल्या. विधवा विद्यार्थिनी कमी झाल्या तशा संस्थेला स्वतःचे प्रयोजन पुन्हा ठरवावे लागले आणि ते त्या वेळच्या कार्यकर्त्यांनी गाजावाजा न करता ठरवले.

१९७० ते १९९० : रंगमंचावर बयो

१९७२ मध्ये वसंत कानेटकरांचे 'हिमालयाची सावली' रंगमंचावर आले. डॉ. श्रीराम लागूंनी रंगवलेले नानासाहेब भानू आणि नाटकातली नानासाहेबांची पत्नी बयो यांना महाराष्ट्राने डोक्यावर घेतले. कोणाच्या आयुष्यावर नाटक बेतले आहे हे सगळ्यांना ठाऊक होते. नाटककाराला हवे ते स्वातंत्र्य घेण्याचा त्याचा हक्क मान्य करूनही एक सांगावेसे वाटते की बायांना सावली म्हणणे हिंगण्यातल्या जुन्या माणसांना पटले नसते. मात्र त्या नाटकामुळे बायांचे नाव संस्थेबाहेर, ज्यांनी 'माझे पुराण' कधी हातात घेतले नव्हते अशा लाखो प्रेक्षकांपर्यंत पोचले, हेही खरे. संस्थेच्या कामात ही वर्षे शाळा, वसतिगृहे, शिक्षिकांचे प्रशिक्षण यांच्या विस्ताराची होती. बाहेरगावच्या शाखांनीही जोर धरला.

१९९० पासून पुढे

१९९१ मध्ये संस्थेने मुलींसाठी स्वतंत्र अभियांत्रिकी महाविद्यालय काढले, आजचे कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय. मुली यंत्रशास्त्र शिकून काय करणार, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. १९१६ मध्ये मराठीतून पदवी घेऊन काय करणार असा विचारला गेला होता, त्याचाच तो धाकटा भाऊ. या महाविद्यालयाच्या मुली आज पुण्याच्या कारखान्यांत, संगणक कंपन्यांत आणि परदेशांत काम करतात. पाठोपाठ वास्तुकलेचे महाविद्यालय आले, परिचारिकांचे शिक्षण आले, वस्त्रप्रावरणाचे अभ्यासक्रम आले. शाळा आणि वसतिगृहे चालूच होती. सगळ्यांची नावे इथे देत बसलो तर स्मरणिकेचे उरलेले पानही पुरणार नाही. त्यांचे अहवाल स्वतंत्रपणे छापले आहेत. परिचारिकांच्या वर्गाजवळून जाताना मात्र नागपूरला सुइणीचे शिक्षण घ्यायला गेलेल्या बाया आठवतात.

भाऊबीज निधी चालू आहे. दिवाळीच्या दिवसांत कार्यकर्त्या पावतीपुस्तके घेऊन आजही बाहेर पडतात. हल्ली लोक मोबाइलवरून पैसे पाठवतात, तरी घरी येऊन ओवाळणी मागणारी ताई आली नाही तर पुण्यातली जुनी घरे फोन करून विचारतात. हिंगण्याच्या आवारात पहिली झोपडी जपून ठेवली आहे आणि नव्या मुलींना पहिल्या आठवड्यात ती दाखवली जाते.

बायांच्या नावाने संस्था दरवर्षी बाया कर्वे पुरस्कार देते. सामाजिक काम करणाऱ्या, फारशा प्रसिद्धीत नसलेल्या स्त्रीची त्यासाठी निवड होते. कुणी भटक्या जमातींच्या मुलांसाठी झटत असते, कुणी खेड्यात दवाखाना चालवत असते, कुणी परित्यक्तांना आधार देत असते. यंदाच्या कार्यक्रमाची पत्रिका या अंकासोबत जोडली आहे. माजी विद्यार्थिनींनी घरच्यांना घेऊन यावे, आणि ज्यांच्याकडे आई-आजींची जुनी पत्रे, छायाचित्रे किंवा भाऊबीजेच्या पावत्या असतील त्यांनी त्यांच्या प्रती संस्थेच्या कार्यालयात आणून द्याव्यात.